तळाचा ओंडका

मॅकस्वीनी लेक, मेन
६ जून २००४

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. तुम्ही फोनवर येत नाही, आणि आईजवळ निरोप दिला की ती तो गाळून, साखर घालून तुमच्यापर्यंत पोचवते. म्हणून हे पत्र. शिवाय इथे फोनच नाही.

बॉस्टनजवळचं श्रूजबरीचं घर मी मार्चमध्ये सोडलं, हे आईने सांगितलं असेल. सध्या मी मेन राज्याच्या उत्तर टोकाला आहे. इथून कॅनडा जवळ, नागपूर आणि बॉस्टन सारखेच लांब वाटतात. आठ सरोवरं आणि त्यांना जोडणारी एक नदी असा हा पाण्याचा रस्ता आहे. उन्हाळ्यात लोक कनू घेऊन, म्हणजे वल्ह्याने चालवायची हलकी, निमुळती होडी घेऊन, आठवडाभर यातून जातात. नदी उथळ झाली की उतरून कनू डोक्यावर घेतात आणि झाडीतून चालत पुढच्या पाण्यापर्यंत नेतात. वीज नाही, दुकान नाही, गाडीरस्ता नाही.

पाचव्या सरोवराच्या काठी एक जुनी केबिन आहे. जंगलातल्या वणव्यांवर लक्ष ठेवणाऱ्या वॉर्डनसाठी १९२३ साली बांधलेली. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचे अख्खे ओंडके एकावर एक रचलेत आणि कोपऱ्यांत खाचा पाडून एकमेकांत अडकवलेत. खिळे फक्त दारा-खिडक्यांना आणि छपराला. वॉर्डन जाऊन चाळीस वर्षं झाली, पण सरोवराच्या या बाजूला काही मैल दुसरं छप्पर नाही, त्यामुळे वादळात सापडलेला माणूस इथेच येतो.

आता तिचा उत्तरेकडचा तळाचा ओंडका कुजलाय. भिंत खाली बसत चाललीय, दार लागत नाही. हे जंगल सांभाळणाऱ्या इथल्या खात्यात दोन तट आहेत. एकाचं म्हणणं, रानात इमारत हवीच कशाला. दुसऱ्याचं, ऐंशी वर्षं उभी आहे ती राहू द्या. शेवटी ठरलं ते असं: ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत केबिन स्वतःच्या पायावर नीट उभी राहिली तर ठेवायची, नाहीतर बर्फ पडल्यावर जाळायची. बर्फात जाळली म्हणजे आग जंगलात पसरत नाही.

मी या दुरुस्तीच्या प्रोजेक्टवर आहे. प्रमुख आहेत रॉय पेल्की. वय सहासष्ट, बोलणं कमी. आम्ही दोघं तंबूत राहतो, म्हणजे दोन वेगवेगळ्या तंबूंत, हे आईला आवर्जून सांगा. डोना नावाची रेंजर मंगळवारी आणि शुक्रवारी मोटरबोटीने येते, टपाल तिच्याकडे. ग्रीन कार्ड हातात असल्यामुळे व्हिसाची काळजी नको.

तब्येतीला जपा.

तुमची,
हिमानी

&nbsp;

मॅकस्वीनी लेक
४ जुलै २००४

तीर्थरूप बाबा,

तुमचं पत्र मिळालं. चार ओळी होत्या, त्या मी बऱ्याचदा वाचल्या. "पत्र पोचले. प्रोजेक्टवर आहे म्हणजे काय? हुद्दा कळवणे. अनीशचा फोन आला होता, अजून वेळ गेलेली नाही असे त्याचे म्हणणे आहे."

हुद्दा: सुताराची मदतनीस.

पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसापुढे "प्रोजेक्ट" म्हणून निभावून जाईल असं मला वाटलं, हेच चुकलं. तर काम असं. सकाळी कनूने पलीकडच्या काठावर जायचं, खात्याने खुणा केलेल्या झाडांपैकी पाडलेलं एक पाण्यातून ओढत आणायचं. दोन मुठींच्या सुरीने त्याची साल सोलायची. मग रॉय वाकसाने ते तासतात आणि मी धलप्या उचलते. गेल्या आठवड्यापासून वाकस माझ्याही हातात देतात. काळी चिलटं कानामागे चावून रक्त काढतात, म्हणून डोक्यावर जाळीची टोपी. हाताला घट्टे पडलेत. तुम्ही पाहिलेत तर तुम्हाला आवडणार नाहीत, मला आवडतात.

हे आलं कुठून, तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी कंपनीने आमचा सगळा ग्रुप काढून टाकला, तेव्हा मी वूस्टरला सुतारकामाच्या क्लासला जायला लागले होते. तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, कारण अनीश त्याला "टाइमपास" म्हणायचा आणि आईला वाटायचं मी सुटी घेतलीय.

आता अनीशबद्दल. नवरा म्हणून तो वाईट माणूस नाही. त्याने कधी हात उचलला नाही, दारू नाही, काही नाही. तुम्ही हेच म्हणाला होतात, "मग झालं तरी काय?" आणि मला फोनवर सांगता आलं नाही. मागच्या वर्षी मे महिन्यात मी दोन दिवस जर्सी सिटीला मैत्रिणीकडे गेले होते. परत आले तर त्याने घरातलं नको ते सामान अंगणात मांडून विकलं होतं, इथे सगळेच करतात तसं. त्यात माझी हत्यारं होती. पटाश्या, रंधा, क्लासमध्ये स्वतः बनवलेला लाकडी हातोडा. मी विचारलं तर म्हणाला, "अगं, गराज मोकळं झालं ना! नवीन जॉब लागल्यावर तुला टाइम कुठे मिळणार आहे?" तो चिडलेला नव्हता, खूश होता. मला बरं वाटेल अशी त्याची खात्री होती. मी त्या संध्याकाळी त्याच्याकडे बघत बसले आणि मला कळलं की ह्या माणसाने सात वर्षांत मला पाहिलेलंच नाही, आणि त्यात त्याला काही खटकतही नाही.

एवढंच झालं. पुरेसं आहे की नाही ते तुम्ही ठरवा, मी ठरवलंय. त्याला तसं सांगा, किंवा सांगू नका.

आज इथे स्वातंत्र्यदिन. रॉयनी सुटी दिली आणि स्वतः दिवसभर कुऱ्हाडीला धार लावत बसले. पुढच्या आठवड्यात भिंत उचलायची. स्क्रूचे चार जॅक आहेत, वर एक जादा, हाताने फिरवायचे.

हिमानी

&nbsp;

मॅकस्वीनी लेक
२२ जुलै २००४

तीर्थरूप बाबा,

हे पत्र आईला वाचून दाखवू नका. मी धड आहे, आधी तेच लिहिते.

सोमवारी सकाळी अपघात झाला. आधीचे तीन दिवस पाऊस होता. उत्तरेची भिंत आम्ही जॅकवर उचलून धरली होती, कुजलेला ओंडका तुकडे करून बाहेर काढला होता. प्रत्येक जॅकखाली लाकडी ठोकळ्यांचा चौथरा रचलेला. रॉय कोपऱ्याखाली कुशीवर झोपून माती साफ करत होते. मी पलीकडे नव्या ओंडक्याला खाच पाडत होते. आवाज फारसा झाला नाही. जड माणूस खुर्चीत बसावा तसा झाला.

रॉय अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "हिमानी, माझा पाय आत आहे."

कोपऱ्याखालच्या चौथऱ्याची एक बाजू चिखलात गेली होती, जॅक आडवा झाला होता आणि भिंत वीतभर खाली आली होती. गुडघ्याखाली त्यांचा पाय ओंडक्यात आणि ठोकळ्यात. मी तोच जॅक सरळ करायला धावले.

"तो नको," ते म्हणाले. "तो पुन्हा जाईल. पाचवा आण. तंबूत आहे."

"खाली काय ठेवू? सगळं ओलं आहे."

"रुंद काहीतरी. बघ तूच."

केबिनमधल्या झोपायच्या बाकाच्या फळ्या मी पहारीने उचकटल्या. दोन फळ्या आडव्या, त्यावर दोन उभ्या, त्यावर जॅक. फिरवायला लागले. पहिल्यांदा फळ्याच दबत गेल्या, मग थांबल्या आणि भिंत करकरली. मी फिरवत होते आणि रॉय मोजल्यासारखे "अजून... अजून... थांब" म्हणत होते. मग ते स्वतःच कोपरांवर सरपटत बाहेर आले. नडगी मोडली होती. हाड बाहेर आलं नव्हतं, पण पाय नको तिथे वाकला होता.

डोना दुसऱ्या दिवशी येणार होती. तिचा रेडिओ मधल्या टेकडीमुळे आमच्या बाजूला लागत नाही. दोन फळ्यांमध्ये पाय बांधला, त्यांना कनूच्या मध्यभागी झोपवलं आणि निघाले. डोनाचं ठाणं सरोवराच्या दुसऱ्या टोकाला, सात मैल. वारा समोरून. मला एकटीने कनू चालवायची सवय नव्हती, मी पुढे बसून रॉयच्या सांगण्यावर वल्हं मारणारी.

मी काठाकाठाने न्यायला लागले, तर रॉय पडल्या पडल्या म्हणाले, "काठाला लाटा फुटतात, उलटशील. मध्ये जा. लाटेला तोंड दे."

"मला भीती वाटते."

"मलाही वाटते. तोंड दे."

पाणी आत यायला लागलं, ते डब्याने उपसत होते. मोडक्या पायाचा माणूस झोपून पाणी उपसतोय आणि मी वल्हं मारतेय. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी मराठीत काहीतरी बडबडत होते म्हणे, मला आठवत नाही. दुपारी ठाण्याच्या धक्क्याला लागलो. डोनाने रेडिओवरून पाण्यावर उतरणारं विमान बोलावलं आणि त्यांना नेलं. पाय वाचला आहे.

मी काल परत आले. भिंत अजून त्या फळ्यांवर तिरकी उभी आहे.

बाबा, मला सारखं एकच कळत नाही. चौथरा आम्ही नीट रचला होता, ठोकळे टणक ओक लाकडाचे होते, तुटलं काहीच नाही. मग गेला कसा?

हिमानी

&nbsp;

मॅकस्वीनी लेक
१७ ऑगस्ट २००४

तीर्थरूप बाबा,

स्पीड पोस्ट मिळालं. डोना पाकीट हातात देताना म्हणाली, "बरंच जड आहे. वकिलाचं आहे का?" मी म्हटलं, "वडिलांचं." उघडलं तर सहा पानं आणि दोन ड्रॉइंग्ज, स्केल टाकून, खाली तुमची ती जुनी सही.

"ठोकळे तुटले नाहीत, जमीन तुटली. ओली चिकणमाती एवढा भार एवढ्याशा जागेवर झेलत नाही. आधी पाणी काढ, मग पाया रुंद कर, मग उचल." तीन वाक्यांत तुम्ही सांगितलंत. पुढची साडेपाच पानं मी वाचली, पण खरं म्हणजे मला पहिल्या तीन वाक्यांतच समजलं. त्या सहा पानांत "परत ये" कुठेच नाही, हे दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं. तिसऱ्यांदाही शोधून पाहिलं.

मधल्या काळात काय झालं ते सांगते. रॉयना भेटायला मी दवाखान्यात गेले. पाय वर टांगलेला, समोर टीव्ही बंद.

म्हणाले, "खात्याला कळवलंय. जाळू देत."

"दुसरं कोणी येणार नाही?"

"असं काम करणारी माणसं या राज्यात चारपाच. सगळी ऑक्टोबरपर्यंत गुंतलेली."

"मी केलं तर?"

त्यांनी विचारलं, "मी शिकवलेलं निम्मं तरी तुझ्या लक्षात आहे का?"

"निम्मं आहे."

"उरलेलं निम्मं मला येतं असं तू धरून चाललीस. मला येत असतं तर मी इथे नसतो." मग म्हणाले, "ओंडका तू निवड, खुणा तू कर. मला विचारून करू नकोस. मी इथून पाहू शकत नाही, आणि न पाहता दिलेला सल्ला माणसाला मारतो."

खात्याच्या साहेबांनी हो म्हटलं, एका अटीवर: भिंत उचलताना दुसरं माणूस हजर हवं, आणि भिंतीखाली कोणी जायचं नाही. डोना म्हणाली, माझ्या सुटीच्या दिवशी मी येईन. ती इथेच वाढली आहे. तिच्या वडिलांना एकदा याच केबिनमध्ये तीन दिवस बर्फात अडकून राहावं लागलं होतं.

शहरातून आईला फोन केला. अपघाताचं तिच्याशी बोलले नाही. ती वैतागलेली होती. "तुझ्या बाबांना काय झालंय कळत नाही. जेवायच्या टेबलावर आगपेट्या मांडल्यात, त्यावर पेन्सिली, त्यावर माझा पोळपाट. हात लावू देत नाहीत. दोन दिवस मांडीवर ताटं घेऊन जेवतोय आम्ही. पोळ्या ताटाच्या पाठीवर लाटतेय मी." मी म्हटलं, "असेल काहीतरी काम." ती म्हणाली, "रिटायर होऊन दहा वर्षं झाली, कसलं काम?"

पाणी काढायचा चर मी तुमचं पत्र यायच्या आधीच खणायला घेतला होता, हे लिहिताना मला थोडा अभिमान वाटतोय. पण मी तो भिंतीला लागून खणत होते. तुमच्या ड्रॉइंगमध्ये तो वरच्या उताराला, भिंतीपासून दूर आहे. पाणी यायच्या आधीच वळवायचं. मी खणलेला बुजवला आणि परत खणला.

हिमानी

&nbsp;

मॅकस्वीनी लेक
१२ सप्टेंबर २००४

तीर्थरूप बाबा,

ओंडका बसला.

सविस्तर लिहिते, कारण तुम्हाला सविस्तरच हवं असणार. चर खणल्यावर दहा-बारा दिवस काहीच केलं नाही, माती सुकू दिली. हे सगळ्यात कठीण गेलं. रोज सकाळी टाच दाबून बघायची. मग प्रत्येक जॅकखाली तुम्ही सांगितल्याप्रमाणे वरची मऊ माती काढून नदीतली खडी भरली, त्यावर जाड फळ्यांचा चौकोनी पाट, त्यावर ठोकळे. खडी कनूने आणली. कनूत खडी भरून वल्हवणारी बाई बघून एका कॅनेडियन माणसाने आपली होडी थांबवून फोटो काढला.

उचलताना डोना एका टोकाला, मी दुसऱ्या. एका जॅकला अर्धा फेरा, मग दुसऱ्याला, मग थांबून पाचर आत सरकवायची. म्हणजे जॅक गेला तरी भिंत पाचरीवर बसेल, माणसावर नाही. तुम्ही ही ओळ लाल पेनने लिहिली होती. डोनाला मी भाषांतर करून सांगितली, तिने ती खडूने भिंतीवरच लिहिली.

तुमचं एक मात्र मी ऐकलं नाही. तुम्ही कोपऱ्याला बाहेरून घट्ट टेकू द्यायला सांगितला होता. लाकडाची भिंत काँक्रीटसारखी एकसंध नसते, उचलताना ती किंचित वळते, प्रत्येक ओंडका आपापलं सरकतो. टेकू दिला असता तर खाचेचा कान, म्हणजे तिची पुढे आलेली कड, तुटला असता. म्हणून मी कोपऱ्याला सैलसर साखळी गुंडाळली, हलू देईल पण निसटू देणार नाही अशी. चाललं. तुमची हरकत असेल तर कळवा, पण आता भिंत खाली बसलीय.

नवा ओंडका सरकवायला दोघी पुरेनात. त्या दिवशी ओहायोच्या चार रिटायर झालेल्या मास्तरीणबाई कनूतून चालल्या होत्या. डोनाने काठावरून हाक मारली, "तुमच्यापैकी दोरी कोण ओढेल?" चौघी उतरल्या. सगळ्यात म्हातारी सत्तरीची असेल. भिंतीखाली कोणालाच जाऊ दिलं नाही, बाहेरूनच दोऱ्या लावून ओढला. पहिल्यांदा खाचेत अडकला. मी बाहेर काढायला लावला, वाकसाने बोटाच्या पेराएवढं तासलं, परत ओढला. तरी अडकला. परत काढला. त्या चौघींपैकी एक म्हणाली, "हनी, आता बसला नाही तर आम्ही चहा पिऊन येतो." तिसऱ्यांदा गेला. जॅक उतरवताना वरचे ओंडके एकेक करून खाली टेकत गेले. शेवटी दार ढकललं तर ते आपोआप लागलं. डोना ते चारपाच वेळा उघडत-लावत राहिली. मी मागे जाऊन साल गोळा करत बसले. रडू येत होतं आणि ते लोकांसमोर नको होतं.

आता फटी बुजवायच्या, छपराचे दोन पत्रे बदलायचे, बाकाच्या फळ्या परत ठोकायच्या.

तुमच्या पत्रात शेवटी होतं, "कोणी विचारले की मुलगी काय करते तर मी काय सांगावे?" ते उत्तर मी देऊ शकत नाही बाबा. मी काय करते ते तुम्हाला आता आईपेक्षा, अनीशपेक्षा, सगळ्यांपेक्षा जास्त माहीत आहे.

हिमानी

&nbsp;

मॅकस्वीनी लेक
१० ऑक्टोबर २००४

तीर्थरूप बाबा,

केबिन राहणार.

मंगळवारी खात्याचे साहेब आले. सोबत रॉय, कुबड्या घेऊन. साहेबांनी पाणसळ लावली, दारं-खिडक्या पाहिल्या, चराजवळ जाऊन बराच वेळ उभे राहिले. "हे कोणाचं डिझाइन?" मी म्हटलं, "नागपूरच्या एका एक्झिक्युटिव्ह इंजिनियरचं." त्यांनी स्पेलिंग विचारलं आणि रिपोर्टमध्ये लिहून घेतलं. खरंच. रॉय आत जाऊन बाकावर बसले, कोपऱ्याकडे पाहत राहिले. मग साखळीचा माग दिसला तिथे बोट ठेवून म्हणाले, "हे मी केलं नसतं." मी विचारलं, "चूक आहे?" म्हणाले, "नाही. मी केलं नसतं, एवढंच." पुढच्या वर्षी दोन कामं आहेत त्यांच्याकडे, पश्चिमेच्या डोंगरातल्या आगीच्या टेहळणी-बुरुजांजवळच्या केबिन. अर्ध्या भागीत येतेस का म्हणाले. मी हो म्हटलंय. म्हणजे मी इथेच राहणार, हे स्पष्ट लिहिते, कारण आईला मी गोल गोल सांगेन.

शुक्रवारी एक गोष्ट झाली. दुपारी वारा फिरला, आधी पाऊस, मग गारा, मग ओलं बर्फ. मी सामान बांधत होते. सरोवरातून एक कनू येताना दिसली, मग दिसेनाशी झाली. उलटली होती. काठापासून फार लांब नव्हती, म्हणून मी आमची कनू घेऊन गेले आणि दोघांना, नवरा-बायको होते, होडीच्या कडेला धरायला लावून ओढत आणलं. आत चढवायला गेले असते तर आम्ही तिघंही पाण्यात गेलो असतो. काठावर आली तेव्हा बाईला बोलता येत नव्हतं. ओठ निळे, आणि थरथर थांबलेली. थरथर थांबणं वाईट, हे डोनाने मला शिकवलं होतं. केबिनमध्ये नेलं, शेगडी पेटवली, ओले कपडे काढून माझ्या झोपायच्या पिशवीत घातलं, आणि मी तिच्या पाठीला पाठ लावून बसले. नवरा समोर उकिडवा, तिचे पाय मांडीत घेऊन. बऱ्याच वेळाने ती परत थरथरायला लागली. नवरा घाबरून म्हणाला, "काय होतंय तिला?" मी म्हटलं, "बरं होतंय." मग चहा दिला, आलं घालून, भरपूर साखरेचा. ती पहिलं वाक्य बोलली ते, "हा चहा आहे?"

बाहेर रात्रभर बर्फ पडत होतं. तंबू सकाळी जमीनदोस्त झालेला मिळाला. ती दोघं तंबूत असती तर काय झालं असतं, ते मी लिहीत नाही. शनिवारी डोना त्यांना घेऊन गेली.

आता तुमच्या पत्राविषयी. शुक्रवारी डोना सकाळीच टपाल टाकून गेली होती, ते मी काल, सगळं आटपल्यावर, उघडलं. मेळघाटातलं तुमच्या वेळचं ते लाकडी रेस्ट हाउस मी कधी पाहिलेलं नाही, त्यामुळे तुम्ही "आठवत असेल" लिहिलंत तेव्हा हसू आलं. वनखात्यातल्या तुमच्या ओळखीच्या साहेबांनी ते पाडायचं ठरवलंय आणि तुम्ही त्यांना थांबायला सांगितलंय, "माझी मुलगी यातली जाणकार आहे, डिसेंबरमध्ये येऊन पाहील" असं सांगून. मला न विचारता. ठीक आहे. येते. सहा डिसेंबरला निघते, तीन आठवडे राहीन.

पण मी येईपर्यंत काही गोष्टी कराव्या लागतील. त्यांना सांगा, कोणीही काहीही उचलायचं नाही, टेकू लावायचा नाही, सिमेंट तर अजिबात ओतायचं नाही. तळाच्या तुळया सागाच्या आहेत की सालईच्या, ते बघा. पावसाचं पाणी कुठल्या बाजूने येतं आणि कुठे साचतं ते गावातल्या कोणाला विचारा, साहेबांना नको. चारी कोपऱ्यांचे फोटो हवेत, लांबून आणि जवळून. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तुळईत दाबून पाहायचा: टोक अडलं तर लाकूड चांगलं, लोण्यात गेल्यासारखं गेलं तर तिथे खडूने फुली करायची. हे काम दुसऱ्याला करायला लावा. तुम्ही स्वतः त्या घराखाली शिरायचं नाही, बाबा. मी लाल पेन आणलेलं नाही, तेव्हा हे तुम्हीच लाल समजा.

हिमानी